वाईनची बाग किती एकर? आधी तळं मोजा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. जालना–भोकरदन रस्त्याला चार एकर मुरमाड, उताराची जमीन. एक विहीर, जी फेब्रुवारीत दम तोडते. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं. वडिलांची दीड एकर थॉमसन (खायची बिनबियांची द्राक्षं) आहे आणि ती एका वर्षी भावात, दुसऱ्या वर्षी पावसात मार खाते. म्हणून उरलेल्या अडीच एकरात सेंद्रिय पद्धतीनं वाईनची द्राक्षं लावायची, दोन-तीन वर्षांत स्वतःची छोटी वायनरी उभी करायची आणि अजिंठ्याला जाणारे पर्यटक तिथं थांबवायचे, असा बेत आहे. जात कोणती लावू आणि सेंद्रिय प्रमाणपत्र कसं मिळवू, हे तुम्ही विचारलंय. शेवटी हळूच एक ओळ टाकलीय की आजोबा माळकरी आहेत, घरात वाद होईल का.

मी मराठवाड्यातल्याच एका छोट्या वाईन इस्टेटीची बाग आणि तळघर, दोन्ही सांभाळतो. तुमचे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांची पाळी तिसरी-चौथी. पहिला प्रश्न हा की वाईट वर्षात तुमच्या हातात किती पाणी उरतं. दुसरा, ते द्राक्ष तुमच्याशिवाय कोण घेणार. या दोन्हींची उत्तरं कागदावर आली की जात जवळपास आपोआप ठरते.

वाईट वर्ष म्हणजे काय ते आपल्याकडं कुणाला शिकवायला नको. २०१२ चा दुष्काळ जालन्यानं पाहिलाय, आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. द्राक्षाची बाग पंधरा-वीस वर्षांसाठी लावतात. एवढ्या काळात अशी दोन-तीन वर्षं येणार हे धरूनच चालायचं. चांगल्या पावसाच्या हिशोबानं लावलेली बाग त्या वर्षी टँकरवर जगते. शेजारच्या गावात बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना टँकरनं जगवलेल्या बागेच्या बाटलीवर ‘पर्यावरणपूरक’ छापायला माझा हात धजत नाही, आणि ते पैशातही परवडत नाही.

आता तुमचं तळं मोजू. बाजूंना उतार धरला तर ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण वरचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटरचा आहे आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन सहज होतं, कडक उन्हात त्याहून जास्त. म्हणजे तळं भरलेलं असेल तर रोज ७ हजार लिटरच्या वर पाणी नुसतं उडून जातं. ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा हिशोब घातला, पाणी उतरतं तसा पृष्ठभाग आकसतो तेही धरलं, तरी ८ ते १० लाख लिटर हवेत गेलेच म्हणून समजा. तुमच्या हाताला लागतं १२ ते १४ लाख. ठिबक आणि आच्छादन करून, ताण देऊन वाढवलेल्या वाईन द्राक्षाला आमच्याकडं एकरी वर्षाला १० ते १२ लाख लिटर लागतं. जमीन, अंतर, वय यानुसार हा आकडा हलतो, पण दुप्पट-निम्मा होत नाही.

म्हणजे तुमचं तळं, वाईट वर्षात, एका एकराचं तळं आहे. आणि त्यावर आधीच दीड एकर थॉमसन पाणी पितेय.

म्हणून माझं सरळ सांगणं असं की अडीच एकर लावू नका. एक एकर लावा, आणि तेही थॉमसनमधला अर्धा-पाऊण एकर काढायची तयारी असेल किंवा दुसरं तळं होणार असेल तर. उरलेल्या जमिनीत खरीप घ्या. कडवंची तुमच्याच जिल्ह्यात आहे, जाऊन या. तिथं आधी पाणलोटाचं काम झालं, बांधबंदिस्ती झाली, मग शेततळी आली आणि मग द्राक्ष वाढलं. हा क्रम महत्त्वाचा. तळी बघाल तेव्हा नाल्याचं काम आणि शेताचे बांध पण बघा. तळ्याचं बाष्पीभवन कमी करायचं तर नवीन तळं पसरट करण्यापेक्षा खोल करा, काठाला वाऱ्याच्या बाजूनं झाडोरा ठेवा, जमलं तर शेडनेट टाका. आणि १ एप्रिलला तळ्यात किती पाणी राहिलंच पाहिजे तो आकडा ठरवून पट्टीवर लाल रंगानं खूण करा. आमच्याकडं ती खूण तळ्याच्या चाळीस टक्क्यांवर आहे. फेब्रुवारीत पाणी तिच्याखाली जायला लागलं की फळाचं पाणी कापतो, कारण एप्रिलातल्या खरड छाटणीनंतरची (ती फळासाठी नसते, नवी काडी तयार करायला असते) फूट उपाशी राहिली तर पुढच्या वर्षाचा घडच जातो. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि हे सगळं नेमकं मेच्या उन्हात घडतं.

या सगळ्यात तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे. वाईनच्या द्राक्षाला पाणी खरंच कमी लागतं, आणि कमी पाण्यानं त्याचा दर्जा वाढतो. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर मणी फुगवायचं तंत्र शिकलंय. जीएचे (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे) डोस, विरळणी, निर्यातीसाठी सोळा-अठरा मिलिमीटरचा मणी. वाईनला उलटं हवं. रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. त्यामुळे जीए नाही, फुगवण नाही. फळधारणा झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत हात आखडता ठेवायचा. पण याचाही अतिरेक करू नका. फुलोऱ्यात ताण दिला तर मणी गळतात. पक्वतेच्या काळात पानं वाळली तर साखर पानांच्या कामानं चढत नाही, मणी सुकून चढते, आणि तशा द्राक्षाच्या वाईनला मुरंब्याचा वास येतो. मुरमाड जमिनीत ओल धरून राहत नाही, म्हणून आठवड्याचं पाणी एकदम सोडण्यापेक्षा थोडं थोडं, पण मोजून. मी कोवळ्या शेंड्याकडे बघून ठरवतो. ताणा (वेलीचा आधार पकडणारा तंतू) शेंड्याच्या पुढं धावत असेल तर पाणी जास्त होतंय. शेंडा थांबला पण खालची पानं दुपारी चार नंतरही हिरवी, ताठ असली तर बरोबर. खालची पिवळी पडायला लागली की उशीर झाला.

जमिनीबद्दल. ट्रॅक्टरनं नांगरट करण्याआधी तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्या आणि आत उतरून बघा. मुरूम किती खाली आहे, मध्ये चुनखडीचा थर आहे का. माती परीक्षणात मुक्त चुना मुद्दाम मागा, नुसतं एनपीके नको. चुना जास्त निघाला तर कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि मग वर्षभर फेरसची फवारणी करत बसावं लागतं. पाण्याचंही परीक्षण करा. विहिरीचं फेब्रुवारीतलं पाणी ऑक्टोबरच्या पाण्यापेक्षा क्षारट असतं, दोन्ही वेळचा नमुना हवा. खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर आपली जात कलम करतात तो वेल. त्यात आपल्याकडं सवयीनं डॉगरिज लावतात. तो दुष्काळाला आणि क्षाराला टिकतो, पण वेल भरमसाठ वाढवतो आणि पालाश (पोटॅश) जास्त उचलतो. थॉमसनला ते चालून जातं. वाईनमध्ये पालाश जास्त झालं की रसातलं टार्टारिक आम्ल क्षाररूपात खाली बसतं आणि सामू (पीएच) चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. म्हणून मी वाईनच्या जातींसाठी ११० आर या खुंटाला पसंती देतो. चुनखडी जास्त निघाली तर १४० आरयूचा विचार करता येतो. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. मातीचा अहवाल हातात घेऊन तिथं जा, नुसता रोपवाटिकेवाल्याचा सल्ला घेऊ नका. त्याच्याकडं जे तयार असेल तेच तुमच्या जमिनीला योग्य ठरतं.

जात: एक एकर असेल तर दोनच. पांढऱ्यात शेनिन ब्लाँ, लालमध्ये शिराझ. शेनिन उष्णतेतही आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवते, उत्पादन देते आणि लवकर तोडली तरी काही बिघडत नाही. शिराझ ऊन सोसते. सोव्हिन्यों ब्लाँचा मोह सगळ्यांना होतो, पण तिचा वास थंड रात्रींवर अवलंबून, आणि ती मिजास नाशिककडच्या उंचावरच्या बागांना परवडते. कॅबर्ने उशिरा पिकते, म्हणजे मार्चचं ऊन आणि गारपिटीची जोखीम अंगावर. २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती वेलीवर घड असताना झाली.

यातून छाटणीच्या तारखेचा प्रश्न निघतो आणि इथं कोणाचंच उत्तर पक्कं नसतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फळछाटणी (वर्षातली दुसरी, घडासाठीची) घेतली तर कोवळी फूट पावसात सापडते आणि केवडा, म्हणजे ओल्या पानावर येणारी बुरशी, पोंगा अवस्थेतच (फूट नुकती उलगडत असतानाच) घुसतो. ऑक्टोबरच्या शेवटी घेतली तर केवडा टळतो, पण माल मार्चच्या तोंडावर पिकतो. तेव्हा दुपारी पारा ३५ च्या पुढं असतो आणि मण्यातलं मॅलिक आम्ल जळून जातं. मी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा पकडतो, म्हणजे शेनिन जानेवारीअखेर-फेब्रुवारीत आणि शिराझ त्यामागोमाग येते. तेव्हा रात्री अजून गार असतात. परतीचा पाऊस फुलोऱ्यात गाठण्याची भीती राहतेच. म्हणून एकाच दिवशी सगळं छाटत नाही, दोन तुकड्यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवतो. जोखीम विभागली जाते आणि तळघरात टाक्याही पुरतात. गंमत म्हणजे वर्षातून दोनदा हाताळायची ही भानगड आपल्या भागाला जुनी आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता, त्यानं तिथली द्राक्षं-डाळिंबं वर्षात दोनदा फळतात असं नोंदवून ठेवलंय. आपण दुसरं फळ घेत नाही, त्या बहरात काडी तयार करून घेतो, एवढाच फरक.

आता सेंद्रिय. प्रमाणपत्रासाठी बहुवर्षायू पिकाला तीन वर्षांचा रूपांतरण काळ लागतो, कागदपत्रं आणि तपासणीचा खर्च वेगळा. तो भाग कोणीही सांगेल. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, केवडा. सेंद्रियमध्ये बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) चालतं आणि पावसाळ्यात ते उपयोगीही आहे. पण तांबं मातीत साठत जातं, विघटन होत नाही. वर्षानुवर्षं मनमुराद बोर्डो मारणारी सेंद्रिय बाग मला गरजेपुरतं आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरणारं) बुरशीनाशक मारणाऱ्या बागेपेक्षा पवित्र वाटत नाही. दुसरी अडचण पेस्टची. आपल्याकडं थंडी पुरेशी पडत नाही, त्यामुळे डोळे एकसारखे फुटण्यासाठी छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्यालाच पेस्ट म्हणतात. ते सेंद्रियमध्ये बसत नाही. न लावता बाग फुटते, पण मागेपुढे फुटते, आणि मग एका घडाच्या शेजारी पंधरा दिवस मागे असलेला घड लटकतो. थॉमसनमध्ये तुम्ही दोन तोड्यांत काढाल. वाईनमध्ये हिरवा आणि पिकला मणी एकाच क्रशरमध्ये गेला की ती कच्ची चव कुठल्याच उपायानं निघत नाही. काडी पूर्ण पक्व ठेवली, छाटणीआधी पानगळ नीट झाली आणि काड्या पिळून घेतल्या तर पेस्टशिवाय बऱ्यापैकी जमतं, पण मजुरी वाढते.

पेस्ट लावणार असाल तर एक गोष्ट मजुरांना आधी बसवून सांगा. ज्या दिवशी पेस्ट लावायची त्याच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारूचा थेंबही नको. हे रसायन अंगात गेलेलं असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो. माणूस दवाखान्यात पोचतो. हातमोजे, मास्क तर हवेतच. वायनरीच्या आवारात ही सूचना दुप्पट महत्त्वाची आहे हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा माझा सल्ला: पहिली पाच वर्षं प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. फवारणीची वही ठेवा, कारणासकट. पान ओलं किती तास राहिलं, पाऊस किती पडला, मग काय मारलं. त्यातून फवारण्या किती कमी करता येतात ते दिसेल. गंधक भुरीला (पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीला) स्वस्त आणि चांगलं, पण तोडणीच्या निदान महिनाभर आधी थांबवा. सालीवर राहिलेल्या गंधकातून यीस्ट हायड्रोजन सल्फाइड तयार करतं आणि टाकी उघडली की सडक्या अंड्याचा वास येतो. नंतर तो घालवता येतो, पण त्यासाठी पुन्हा तांबं वापरावं लागतं.

मातीसाठी आपल्याकडं इतकं साहित्य फुकट पडून असतं की बाहेरून काही आणायची गरज नाही. पावसाळ्यात दोन ओळींत ताग पेरा, फुलावर यायच्या आत कापून जागेवर पसरा. आणि पऱ्हाट्या. कापूस निघाल्यावर सगळं गाव त्या पेटवतं. श्रेडर भाड्यानं आणून त्यांचा भुगा करा आणि बोदावर (वेलीच्या ओळीच्या वरंब्यावर) चार-पाच बोटं जाडीचा थर द्या, खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी खोडाशी येते. सोयाबीनचं भुसकट लवकर कुजतं, पऱ्हाटी दोन उन्हाळे टिकते. माझ्या अंदाजानं आच्छादनानं पाण्याच्या पाळ्या चौथ्या हिश्श्यानं कमी झाल्या. त्याहून मोठा फायदा म्हणजे मेमध्ये दुपारी बोदात हात घातला तर माती कोमट लागते, भाजत नाही, आणि पांढरी मुळी वरच्या थरात जिवंत सापडते.

इथवर बागेचं झालं: एक एकर, तळ्यावरची लाल खूण, पालाश कमी उचलणारा खुंट, फेब्रुवारीत तोडणी. हे सगळं मी आम्लासाठी का रडतोय ते तळघरात कळतं. वाईन टिकवायला सल्फर डायऑक्साइड लागतो, आपण तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या रूपात देतो. त्याचा परिणाम सामूवर अवलंबून. वाईनचा सामू ३.३ असेल तर पांढऱ्या वाईनच्या रक्षणाला लिटरमागे साधारण २५ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो. तोच सामू ३.८ झाला तर ८० च्या आसपास लागतो. तिप्पट! ‘कमी रसायनांची वाईन’ म्हणतात ती तळघरात ठरत नाही. खुंट, पाणी आणि तोडणीची तारीख यांनी ती आधीच ठरलेली असते. सामू चढला तर आंबवण्याआधी टार्टारिक आम्ल घालता येतं, लिटरला एक ग्रॅम घातलं की सामू ढोबळमानानं ०.१ नं उतरतो. आम्ही उष्ण वर्षी घालतो, लपवत नाही. पण विकतचं आम्ल ओतून वाचवलेल्या वाईनची चव जिभेवर वेगळी उभी राहते.

म्हणून तोडणीचा दिवस. अंदाजपंचे नमुना घेऊ नका. माणूस ओळीतून चालताना हात नेमका सगळ्यात गोड दिसणाऱ्या मण्याकडं जातो. मी दोनशे मणी घेतो, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरून, मधून आणि टोकावरून, पानाआडचे सुद्धा. बांधाकडच्या ओळी सोडून. सकाळी, एकाच वेळेला. पिशवीत चुरडून रस गाळायचा, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आणि मीटरवर सामू. शेनिनला २१-२२ ब्रिक्स आणि सामू ३.३ च्या आत असेल तर मी तोडतो. शिराझला २३-२४ पर्यंत थांबतो, पण सामू ३.६ च्या पुढं जाऊ देत नाही. ब्रिक्सला ०.५५ नं गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो. २३ ला साडेबाराच्या आसपास. २६ पर्यंत वाट बघितली तर १४ च्या वर जातो आणि उन्हाळ्यात ती वाईन कोणी दुसरा ग्लास पीत नाही. मग बी चावून बघायचं. हिरवं आणि चिकट असेल तर अजून वेळ आहे. तपकिरी आणि कटकन फुटत असेल तर साल-बी तयार आहे. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर पश्चिमेकडच्या बाजूचे मणी नेहमी पुढं असतात, तिकडची पानं कधीच उतरवू नका, घड भाजतात. तोडणी पहाटे चारला दिवे लावून, नऊच्या आत बंद. क्रेट अर्धेच भरायचे. गार द्राक्ष आत आलं म्हणजे चिलरचं निम्मं काम रात्रीनं फुकट केलेलं असतं.

थंडावा हाच आपल्या तळघराचा सगळ्यात मोठा खर्च. पांढरी वाईन १२ ते १६ अंशांत आंबवायची आणि बाहेर ३५. वीज जाणार हे गृहीत. बॅटऱ्यांत पैसे घालण्यापेक्षा छपरावर सौर पॅनेल, त्यावर दिवसा चालणारा चिलर आणि थंड पाण्याची चांगली वेष्टण केलेली मोठी टाकी, ही व्यवस्था मला जास्त भरवशाची वाटते. दिवसभर थंडावा साठवायचा, रात्री वापरायचा. भिंती काळ्या दगडाच्या, जाड. जमलं तर निम्मं बांधकाम उतारात दाबलेलं. तुमच्या उताराच्या जमिनीचा इथं उपयोग होईल. ओकची पिंपं सध्या विसरा.

वायनरीला पाणी किती? छोट्या जागी एक लिटर वाईनमागे धुण्या-विसळण्यात २ ते ५ लिटर जातं. बागेच्या मानानं किरकोळ, पण निघणारं पाणी आंबट आणि साखर-यीस्टनं भरलेलं असतं, ते ओढ्यात सोडलं तर ओढा मरतो. आधी खराटा, मग पाणी, हा नियम करा. जमिनीवरची सालं झाडून उचलली तर सांडपाण्याचा भार निम्म्यावर येतो. मग गाळणी, चुन्यानं सामू वर आणणं, बसवण्याचं टाकं, आणि शेवटी कर्दळीच्या वाफ्यातून नेऊन बांधावरच्या झाडांना. टाक्या धुवायला कॉस्टिक सोडा सगळे वापरतात. तो सोडियमचा आहे आणि सोडियम आपल्या काळ्या जमिनीत गेलं की ती पावसात लोणी आणि उन्हात दगड होते. त्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरा, महाग पडतं, पण ते पाणी निदान झाडांना देता येतं. चोथा वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघतो. शेण, पऱ्हाटीचा भुगा आणि थोडा चुना घालून ढीग लावा, दोन-तीनदा उलटा, पावसाळ्याआधी बागेत जातो.

आता दुसरा मोठा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. थॉमसनचा भाव पडला तर बेदाणा करता येतो. शिराझचा भाव पडला तर काही करता येत नाही. बीवाला, छोटा, जाड सालीचा मणी बाजारात कोणी खात नाही. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिककडं वायनऱ्या झपाट्यानं वाढल्या, शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती लावल्या. २००८ नंतर मागणी घसरली, वायनऱ्यांकडं माल पडून राहिला आणि अनेकांनी चांगल्या बागा मुळासकट काढल्या. त्यामुळे लागवडीआधी खरेदीचा लेखी करार हवा: किती टन, किती ब्रिक्सला काय दर, पैसे किती दिवसांत. तोंडी शब्दावर खड्डे घेऊ नका.

स्वतःच्या वायनरीचं म्हणाल तर एक एकरातून ४ ते ५ टन धरा. टनाला ६००-६५० लिटर, म्हणजे साधारण सव्वातीन ते सव्वाचार हजार बाटल्या. एवढ्यासाठी यंत्रं, चिलर, परवाने, प्रयोगशाळा हे सगळं उभं करणं जड जातं. पहिली काही वर्षं परवानाधारक वायनरीत आपलं द्राक्ष आपल्या देखरेखीत गाळून घ्या, पाच-सहा वर्षांनी ग्राहक तयार झाला तर मग भिंती बांधा. आणि तोवर ‘घरी थोडी करून बघतो’ हे करू नका. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाईन बनवणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे. द्राक्ष स्वतःचं असलं तरी. विंचूर आणि पलूसला आहे तसं वाईन पार्क (वायनऱ्यांसाठीची खास वसाहत) आपल्याकडं नाही, सगळं एकट्यानं करावं लागतं. पर्यटकांच्या आकड्यावरही फार भिस्त ठेवू नका. अजिंठ्याच्या गाड्या दिवेलागणीच्या आत शहर गाठायच्या घाईत असतात. सुपरमार्केटात वाईन विकायला मुभा देण्याचा निर्णय २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं घेतला होता, त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. अशा घोषणेवर कर्ज काढू नका.

आजोबांचं. वाद होईल, आणि त्यांचं म्हणणं तुम्ही नफ्याच्या आकड्यांनी खोडू शकणार नाही. खोडूही नका. मी बघितलंय ते असं, की माळकरी माणसाला द्राक्ष लावण्याची अडचण नसते, घराच्या अंगणात बाटली दिसण्याची असते. द्राक्ष विकणं आणि दारात चाखण्याची खोली उघडणं यात त्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली पाच वर्षं तुमच्या शेतात फक्त द्राक्षच असणार, वाईन झालीच तर दुसऱ्याच्या वायनरीत होणार, त्यामुळे हा निर्णय आज घ्यायचाच नाहीये. त्यांना आधी विचारून मगच खुंट लावा, मागाहून कळवू नका.

या उन्हाळ्यात एवढंच करा: खड्डे घ्या, मुक्त चुन्यासकट माती तपासून आणा, विहिरीत आत्ता उरलेलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्या, आणि आजपासून दर सोमवारी तळ्याची पातळी वहीत लिहा. थॉमसनला किती पाणी जातं त्याची नोंद वेगळी. खुंट पावसाळ्याआधी लागला नाही तरी चालेल, पुढच्या वर्षी लावता येतो. अहवाल आले की इथंच टाका, म्हणजे ११० आर की १४० आरयू ते आकडे बघून सांगतो. आणि थॉमसनचं देठ परीक्षण कधी केलं असेल तर त्यातला पालाशचा आकडा पण लिहा.